केसरबाईचा जार

थांब रं मल्लू, जार उतरू नगंस अजून, आदी माझं ऐक — गल्लीत कावीळ काय आली, तुझी चंगळच झाली की! दारादारात निळा जार, जसं काय समद्यांच्या घरी लगीनच हाय. कालपातूर कोथिंबिरीच्या काडीवरनं भांडणारी माणसं, आता पाणी इकत घेत्यात, वर डाळिंबं आणत्यात. आमच्या तेजश्रीनं तर टीव्ही बंद केला, पार्लर बंद केलं, आन त्या पैशात तुझा जार लावला. लावू दे की! सून शहाणी हाय माझी. नात लहान, बुद्धप्रियाला चांगलंच पाणी पायजे, त्यात माझं काय बी म्हणणं न्हाय.

मी? मी नळाचंच पिते. जलम गेला विड्या वळण्यात, ह्याच पाण्यावर वळल्या — काय झालं मला? — व्हय, कावीळ झाली हुती. कोण बोललं तुला? बरं, झाली हुती. गल्लीत पयली मलाच झाली. मला बघूनच भ्याली की ही समदी, माझ्यामुळंच तर जार आला घरात! आन आला तवा सून वतती कशी — पोरीला गिलासभर, यशपालला गिलासभर, सोताला अर्धा. मग तोटी बंद. मला म्हणती, ‘आत्या, तुमाला नळाची सवय हाय न्हवं?’ माझा ल्योक यशपाल तितंच बसलावता. मान वर केली न्हाय त्यानं.

वाईट वाटलं? वाटलं की! लई वाटलं. मागितलं असतं तर दिलं असतं तिनं, न्हाय म्हणली नसती — पर मी मागू? माझ्या घरात पाणी मागू? ह्या केसरबाईनं? जमायचं न्हाय.

तर आता दोन उतरव. एक सुनेचा, ओट्यापाशी. दुसरा हितं, माझ्या खाटेजवळ. त्याचं पैसं विड्यांच्या मजुरीतनं मी देणार, सुनेकडं मागशील तर याद राख. — असा काय बघतूस? येऊ दे तिला कामावरनं. तिच्यादेखत गिलास भरणार मी — पयला नातीला, मग मला, आन तिसरा तिच्या हातात. न मागता देणार. बघू दे यशपालला.

जा आता. दार लोटून जा.