जावेपेक्षा दोन सूत जाड

हसायचं नाही, आधीच सांगते. माझ्या धाकट्या जावेनं, सुनंदानं, सोनिवलीला फ्लॅट घेतला. तिथं बुद्धवंदनेला बसलो, तर चादरींच्या कडेनं लाकडी जमीन चमकत होती! माझे हात जोडलेले आणि डोळे जमिनीवर. अंबरनाथला घरी परतेपर्यंत ठरवूनच टाकलं, आपल्याकडेही लाकडी जमीनच हवी.

उल्हासनगरचा दुकानदार म्हणाला, "भाभी, टाईल तोडनेका नहीं. उसके ऊपरही बिछेगा."

मी म्हटलं, "जावेपेक्षा दोन सूत जाड द्या."

सुतार म्हणाला, "वहिनी, एवढी जाड फळी टाकली तर दार अडेल."

"मग दार काप," मी म्हटलं.

त्यानं आमचं सागवानी दार उतरवलं आणि खालून कापलं.

रविवारी सुनंदाला मुद्दाम जेवायला बोलावलं. ती उंबऱ्यातच थांबली. "ताई, दार का कापलंत?"

"लाकडी जमिनीसाठी कापावंच लागतं," मी ठसक्यात म्हटलं. "तुझं नाही कापलं?"

"आमचं कुठलं लाकूड, ताई! लाकडाच्या डिझाईनचं प्लास्टिक अंथरलंय."

मला इतका आनंद झाला, की तिला दोनदा श्रीखंड वाढलं.

निघताना म्हणते, "तुमची जमीन भारीच हं. फक्त पाण्यापासून जपा. आमचं काय, गुंडाळायचं, गच्चीवर न्यायचं आणि पाईप लावून धुवायचं."

तेव्हापासून मी गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्यानं लाकूड पुसते, आणि तिच्या त्या प्लास्टिकवर जळते.