सोमवारचं मौन

तुमच्या वहिनीचं आणि माझं लग्न एका टोपीपायी मोडता मोडता राहिलं. काशीहून शिकून पिंपरीला परतलो, तेव्हा दर सोमवारी मौन पाळायचा माझा नेम होता. देश घडवायचा तर आधी जीभ आवरावी, असं मला मनापासून वाटे. चिंचवडची मुलगी बघायला जायचं ठरलं आणि आईनं मला नवी टोपी आणायला पुण्याला पाठवलं. नेमका सोमवार होता.

दुकानात मी खुणेनं टोपी मागितली. शेजारचे पागोटेवाले गृहस्थ हळहळले, "पोरगं गुणी दिसतंय, पन मुकं हाय." त्यांनी मला हाताला धरून हॉटेलात नेलं, पुरीभाजी खाऊ घातली आणि शनिवारवाडा हातवारे करून समजावून सांगितला.

गुरुवारी मुलीकडे गेलो, तर तेच तिचे वडील. आईला म्हणाले, "बाई, पोरगं मुकं हाय, हे आधी सांगायचं व्हतं."

आईचा चेहरा उतरला. मी घाईनं म्हणालो, "मी फक्त सोमवारी बोलत नाही." मग मौनाचं महत्त्व समजावत राहिलो. चहा निवून गेला.

शेवटी दाराआडून मुलीचा आवाज आला, "आबा, त्यास्नी इचारा, रोज न्हाई का जमणार?"