चोवीस बाटल्या

अंबिका : आधी चहा तरी घे गो. आल्याआल्या काय पोलिसासारखी चौकशी लावलीस?

फ्लॅविया : चहा नको, अंबिकाताई. मला फक्त करून दाखवा. त्या दिवशी बाटल्या कशा भरल्या, अगदी तश्शाच.

अंबिका : तू शिकवलंस तशाच भरल्या. परळच्या हॉलमध्ये तीन दिवस पहिल्या रांगेत बसले होते मी. पाणी तपासणीचं ट्रेनिंग पूर्ण केलं म्हणून सर्टिफिकेट दिलंस, त्यावर सही तुझीच ना?

फ्लॅविया : माझीच आहे, म्हणून तर ठाकूरद्वारहून धावत आले. चोवीस खोल्या, चोवीस बाटल्या. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर दोन दिवसांत बाटली काळी पडते. तुमची एकसुद्धा पडली नाही. आणि आज या चाळीत कावीळ किती जणांना आहे?

अंबिका : पाच. आमची दीपिका धरून.

फ्लॅविया : सुनेचं कळलं मला. कशी आहे?

अंबिका : डोळे बघवत नाहीत, हळद फासल्यासारखे झालेत. सातवा सरलाय तिला. डॉक्टर म्हणतात, पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट, रात्रंदिवस लक्ष ठेवायला हवं. माझा आनंदा कामधंदा सोडून हॉस्पिटलात बसलाय. मी डबा घेऊन निघतच होते, तर तू दारात उभी.

फ्लॅविया : जास्त वेळ नाही घेत. तुमच्याकडे पाणी चारला येतं ना?

अंबिका : पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची मर्जी. चार म्हणजे चार, सव्वाचार.

फ्लॅविया : म्हणजे अजून वीस मिनिटं आहेत. ही घ्या नवी बाटली. भरा.

अंबिका : आता परीक्षा घेणार माझी? बरं, घे. हे हात धुतले. झाकण काढलं, खाली ठेवलं नाही, हातातच धरलं. आतल्या पट्टीला बोट लावलं नाही. बघतेस ना? मग हा तांब्या घेतला...

फ्लॅविया : थांबा. तांब्या कशाला?

अंबिका : कशाला म्हणजे? ओतायला.

फ्लॅविया : अहो, बाटली नळाखाली धरायची! नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, तोटी पुसायची आणि मग थेट बाटली.

अंबिका : हॉलमध्ये नळ कुठे होता गो? टेबलावर पाण्याचा तांब्या होता. तू तो उचललास, बाटलीत रेघेपर्यंत ओतलंस, म्हणालीस, हे बघा, असं. आम्ही बायकांनी वहीत चित्रसुद्धा काढलं तांब्याचं. तू म्हणालीस, छान काढलंय.

फ्लॅविया : पण मी तोंडाने सांगितलं होतं, नळाचं पाणी घ्या म्हणून. दोनदा सांगितलं.

अंबिका : तोंडाने तू पुष्कळ सांगितलंस. दहा ते पाच तुझं तोंडच चालू होतं. त्यातलं किती लक्षात राहणार? डोळ्यांनी बघितलं ते राहिलं.

फ्लॅविया : बरं. तांब्यात पाणी कुठलं होतं?

अंबिका : घरातलं.

फ्लॅविया : घरातलं म्हणजे? पिंपातलं, कळशीतलं, कुठलं?

अंबिका : प्यायचं पाणी, चांगलं पाणी. असं काय खोदून खोदून विचारतेस?

फ्लॅविया : अंबिकाताई, माझ्याकडे बघून सांगा.

अंबिका : सांगते की. लपवायचंय काय त्यात? आदल्या दिवशी मी खोलीखोलीत जाऊन आले. म्हटलं, उद्या बाटल्या भरायच्यात, ऑफिसातून माणसं येणार, फोटो काढणार, चाळीची इज्जत आहे. बायकांनी मोऱ्या घासल्या, कळशा चिंचेने लखलखीत केल्या. पाणी उकळलं, निववलं, स्वच्छ फडक्याने गाळलं. कोपऱ्यातल्या कालिंदीने तर तुळशीची पानं टाकली होती, ती मीच काढायला लावली. म्हटलं, बये, हे तपासायचं पाणी आहे, तीर्थ नव्हे.

फ्लॅविया : उकळलं? सगळ्यांनी?

अंबिका : सगळ्यांनी. एकीनेही कंटाळा केला नाही.

फ्लॅविया : जेजू! अहो, उकळलेल्या पाण्यात जंतू राहतील कसे? पाण्याची परीक्षा होती ती!

अंबिका : परीक्षा होती म्हणूनच तर तयारी करून पाठवलं! परक्या माणसाच्या हातात आपण घाण पाणी देतो काय? आमच्या मालवणात उन्हातून वाटसरू आला तरी आधी गूळ ठेवतात, मग पाणी. आणि तू तर आमच्या चाळीचं नाव बाटलीवर चिकटवून ऑफिसात नेणार होतीस.

फ्लॅविया : मला पाइपातलं पाणी हवं होतं. जसं असेल तसं. घाण तर घाण.

अंबिका : आवाज चढवू नकोस माझ्यावर. तू कुठे होतीस त्या दिवशी? साडेअकराला उगवलीस. तोवर बाटल्या भरून टेबलावर रांगेत मांडल्या होत्या. तू मोजल्यास, फोटो काढलास, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्यास. म्हणालीस, अंबिकाताई, तुमची चाळ एक नंबर. तेव्हा एकदा तरी विचारलंस, पाणी कुठून घेतलं?

फ्लॅविया : त्या दिवशी मला तीन चाळी उरकायच्या होत्या.

अंबिका : मग उरकल्यास ना? आता माझ्या नावाने का खडे फोडतेस?

फ्लॅविया : मी कुठे म्हटलं चूक तुमची एकटीची आहे?

अंबिका : तुझ्या तोंडावर लिहिलंय.

फ्लॅविया : माझ्या तोंडावर भीती आहे, अंबिकाताई. काल मी तुमच्या हाऊस गल्लीत उतरले. दोन चाळींच्या मधल्या त्या बोळात तुमचा नळाचा पाइप गटाराच्या पाण्यात बुडालेला आहे, सांध्यासांध्याला गंजलाय. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि गटारातलं आत ओढतो. चारला नळ सुटला की सगळ्यात आधी तेच तुमच्या कळशीत येतं. मालक तो पाइप बदलायला तयार झाला होता, ठाऊक आहे ना?

अंबिका : झाला होता. मग म्हणाला, गरज नाही.

फ्लॅविया : कारण मी लिहून दिलं, पाणी पिण्यास योग्य. तुमच्या चोवीस बाटल्या बघून लिहिलं. तो कागद दाखवून त्याने काम थांबवलं.

अंबिका : मग आता काय करणार तू?

फ्लॅविया : रिपोर्ट मागे घेणार. लेखी देणार, की नमुनेच चुकीचे होते.

अंबिका : आणि खाली माझं नाव आहे त्याचं काय? नमुने घेणारी, अंबिका! अगो, तीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या मी. कुणाला माझं नाव माहीत नव्हतं. पोळीवाली, नाहीतर आनंदाची आई. आता गॅलरीतून चालले की बायका हाक मारतात, अंबिकाताई, जरा पाणी बघता का? त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

फ्लॅविया : मला समजतंय.

अंबिका : समजतंय तर असं लिही ना, की पाणी तेव्हा चांगलं होतं, नंतर बिघडलं. पाइप मागाहून फुटला. कोण बघायला गेलंय?

फ्लॅविया : आमचे आर्थर सर पण हेच म्हणाले.

अंबिका : तुझे साहेब? बघ! शहाणा माणूस.

फ्लॅविया : काल मी तसं टाइपसुद्धा केलं. पाणी नंतर दूषित झाले असावे. म्हणजे तुमचं नाव राहतं, माझी नोकरी राहते आणि अँटॉप हिलच्या कॉलनीचं नवं ट्रेनिंगही आमच्या संस्थेला मिळतं. फक्त पाठवायचं बटण दाबायचं होतं.

अंबिका : मग दाब की. घोडं कुठे अडलंय?

फ्लॅविया : आठ चाळींना शिकवलंय मी. त्याच हॉलमध्ये, त्याच तांब्याने. कुठल्या बाईने नळाचं भरलं आणि कुणी उकळून, मला आज एकीचंही सांगता येणार नाही. आणि आठही ठिकाणी माझ्या सहीचा कागद आहे, पाणी पिण्यास योग्य.

अंबिका : आई गं.

फ्लॅविया : एक विचारते. दीपिका काय पीत होती?

अंबिका : बाहेरचं खायची सवय आहे तिला. नाक्यावरची पाणीपुरी. मी डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

फ्लॅविया : मी पाण्याचं विचारतेय. घरात कुठलं पाणी पीत होती?

अंबिका : आम्ही सगळे पितो तेच.

फ्लॅविया : उकळून?

अंबिका : गॅस काय फुकट येतो?

फ्लॅविया : कधीच उकळत नव्हतात? आधीसुद्धा?

अंबिका : डबा गार होतोय गो. मला जाऊ दे.

फ्लॅविया : अंबिकाताई, डॉक्टरांना हे कळायला हवं.

अंबिका : ती उकळायची. स्वतःपुरतं. दिवस गेल्यापासून रोज सकाळी एक छोटं पातेलं.

फ्लॅविया : मग?

अंबिका : मग तुझा कागद आला. मी तिला म्हटलं, सासूने तपासलेल्या पाण्यावर तुझा विश्वास नाही? मी अख्ख्या चाळीला सांगत फिरते पाणी चांगलं, आणि माझ्याच घरात पातेलं चढतं. बायका बघतात, हसतात मागून. ती म्हणाली, आई, राहू दे ना, माझ्या मनाचं समाधान. मी ऐकलं नाही. पातेलं उचललं आणि वरच्या फळीवर ठेवलं. तिचा हात पोचत नाही तिथे.

फ्लॅविया : किती दिवस झाले?

अंबिका : दोन महिने होतील. माझ्या तोंडात शिरा पडो! दोन महिने पाजलं गो मी तिला. स्वतःच्या हाताने पेला भरून दिला.

फ्लॅविया : बसा. खाली बसा आधी. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं नाही?

अंबिका : विचारलं. पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, आमचं पाणी तपासलेलं आहे. पर्समधून तुझा कागद काढून दाखवला. आणि तिच्या आईच्या देखत तिला नाही नाही ते बोलले.

फ्लॅविया : मी रिपोर्ट मागे घेते. सगळं माझ्या नावावर. चुकीचं शिकवलं, समोर उभी राहिले नाही, न बघता सही केली. आर्थर सर काय करायचं ते करोत. तुम्हाला मी मध्ये आणणार नाही.

अंबिका : तू नाव घातलंस म्हणून माझं काय मिटणार? पातेलं तू ठेवलंस काय फळीवर? फोन लाव तिला. हा घे माझा. दीपिका लिहिलंय बघ, तिथलं हिरवं बटण दाब.

(फ्लॅविया फोन लावून स्पीकरवर टाकते.)

दीपिका : हां, आई. डब्याची घाई करू नका, इथे पेज दिली मघाशी.

अंबिका : कशी आहेस गो?

दीपिका : मळमळतंय सारखं. बाळ हलतंय पण. सकाळपासून लाथा मारतंय.

अंबिका : आनंदा आहे जवळ?

दीपिका : औषधं आणायला गेलाय खाली. काय झालं? आवाज का असा तुमचा?

अंबिका : ऐक. मध्ये बोलू नको, नाहीतर माझ्याच्याने बोलवणार नाही. आपलं पाणी खराब आहे. आज नाही, आधीपासून. बाटल्या मी चुकीच्या भरल्या, उकळलेल्या पाण्याने. तू पातेलं ठेवत होतीस ते बरोबर होतं. मी बंद पाडलं. हे तुला पाणीपुरीने झालेलं नाही, माझ्यामुळे झालंय.

फ्लॅविया : दीपिका, मी फ्लॅविया, ट्रेनिंगवाली. ह्यात माझी पण...

दीपिका : तुम्ही जरा थांबा, मॅडम. आई, माझ्या आईसमोर तुम्ही काय म्हणालात आठवतंय? जिभेचे चोचले पोराच्या जिवावर आले, म्हणालात.

अंबिका : म्हणाले.

दीपिका : मी रडले, तर नाटकं म्हणालात.

अंबिका : ते पण म्हणाले.

दीपिका : दिवस गेल्यापासून मी पाणीपुरीला शिवले नव्हते, आई. एकदासुद्धा.

अंबिका : माहीत आहे मला. तेव्हाही माहीत होतं गो.

दीपिका : रडू नका. मला नाही ऐकवत. डॉक्टर पाचला राउंडला येतील, त्यांना मी सांगते पाण्याचं. किती वाजले तिथे?

फ्लॅविया : चारला दहा कमी.

दीपिका : म्हणजे आता पाणी येईल. चाळीत सांगितलंत?

अंबिका : अजून नाही. आधी तुला सांगायचं होतं.

दीपिका : वरच्या मजल्यावरची ती पूर्वी, तिचा परवा फोन आला होता. तिला तिसरा लागलाय. अजून कुणाला सांगितलं नाही तिने. म्हणत होती, तुझ्या सासूबाई सांगतात पाणी चांगलं आहे, म्हणून मी उकळायच्या भानगडीत पडत नाही.

अंबिका : देवा रे माझ्या.

दीपिका : मला राग आलाय, आई. खूप आलाय. तो मी घरी येऊन काढीन. तुम्ही फोन ठेवा आणि आधी वर पूर्वीकडे जा.