मिशीखालचा ओठ

आमचे आबा बैल घ्यायला गेले की आधी त्याचं तोंड उघडून दात बघणार. डॉक्टर निवडतानाही तीच तऱ्हा! स्वातंत्र्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, वरचा ओठ जन्मापासून फाटलेला. त्यापायी लग्न जमेना. लढाईतनं परतलेला एक सर्जन कोल्हापुरात असले ओठ शिवतो असं कळलं, तसे आम्ही तिघं गेलो.

डॉक्टर चहा पीत होते. आबा म्हणाले, "भिंतीवरचं सर्टिफिकेट ऱ्हाऊ द्या. शिवलेला व्हट दाखवा."

डॉक्टरांनी एका हातात कपबशी धरून दुसऱ्या हातानं स्वतःचीच मिशी वर केली. खाली बारीक वण. आबांनी तो ओठ अंगठ्यानं चक्क दाबून बघितला!

"झ्याक शिवलाय. कुणी?"

"माझ्या गुरूंनी."

"मग त्यांचाच पत्ता द्या की!"

"ते वारले."

आबा उठलेच. "चल गं."

अक्का परक्यापुढं कधी बोलायची नाही. तिनं तोंडावरचा पदर काढला.

"आबा, तुमी व्हट बघितला, मी हात बघत हुते. तुमी एवढं दाबलं तरी कपातला चा हिंदकळला न्हाय. मी हितंच शिवून घेणार."