पाचवा गियर आणि मांडीवरची चापट

मी बनारसचीच. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत जन्मले आणि लग्न होऊन गेले ती अमृतराव घाटामागे, म्हणजे माहेरच्या फोडणीचा वास सासरी यावा एवढंच अंतर. मराठी आमची घरातली, बाहेर सगळं हिंदी, तेव्हा मध्येमध्ये आलं तर समजून घ्या. सासरे घाटावर यात्रेकरूंचे विधी करायचे, पण आमच्या ह्यांना पोथीत गोडी नाही, ह्यांचा जीव गाडीत. पिकअप घेतली, मागे जनरेटरची ट्रॉली जोडली, आणि मग मेळा असो, लग्न असो, जिथे बिजली पाहिजे तिथे हे. लोक पंडितजी ड्रायव्हर म्हणायचे, हे हसायचे, राग मला यायचा.

मी बरोबर का जायची ते ऐका. ह्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. मला कळलं कसं, तर मी पाठीमागून भांडत होते आणि हे आरामात चहा पीत होते, मी म्हटलं आज साधू झाले की काय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, लोकांना कळलं तर काम कोण देईल मला, कुणाला बोलायचं नाही, आईलासुद्धा नाही, माझी शपथ आहे तुला. शपथ घालून मोकळे झाले.

तर गाडीचं असं, की पाचवा गियर, त्याला हे ओवरड्राइव म्हणायचे, तो सपाट रस्त्याला आणि रिकाम्या गाडीला. डिझेल वाचतं, इंजिन निवांत पळतं. पण मागे ट्रॉली असली की त्यात जोर नाही, चढावर इंजिन कण्हतं, आणि उतारावर तर ते गाडीला धरूनच ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर, आणि मागून ट्रॉली ढकलते. हे ह्यांनीच शिकवलं मला. पूर्वी हे नुसत्या आवाजावर चालवायचे. आता आवाजच नाही, म्हणून मी शेजारी बसायची. इंजिन कण्हलं की मांडीवर चापट, उतार लागला की चापट. चापट पडली की हे गियर खाली घ्यायचे, रस्त्यावरची नजर न काढता. लोक म्हणायचे, पंडिताइन नवऱ्याला सोडतच नाही. म्हणू दे.

आणि मग तो दिवस. घरात गौरी जेवायच्या होत्या, आणि ह्यांना मिर्झापूरच्या पुढे डोंगरातल्या मेळ्याला ट्रॉली न्यायची होती. मी निघायच्या तयारीत, तर सासूबाई म्हणाल्या, लेकी घरी आल्यायत आणि सून गाडीवर चालली, पुरण काय मी वाटू? मी ह्यांच्याकडे बघितलं. सांगू का, डोळ्यांनीच विचारलं. ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आरतीपर्यंत येतो म्हणाले आणि एकटेच गेले.

नाही आले हो. त्या डोंगरातल्या उतारावरच गेले.

गाडी बघून आलेला गॅरेजचा मिस्त्री ओसरीवर बसून रडला. म्हणाला, भाभी, गियर पाँचवें में ही था, पंडितजी ने नीचे लिया ही नहीं, झपकी आ गई होगी. डुलकी कसली? चापटीची सवय लागली होती ह्यांना. हे माझ्या हाताची वाट बघत राहिले असतील. इतका राग येतो मला ह्यांचा, अजून येतो, शपथ कसली घालता, बायकोला बोलू तरी द्यायचं. आणि राग आला की मग रडूच येतं.

सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. थकल्यात आता. पुरण आपणच वाटलं असतं तर, हे त्यांच्या जिवाला कशाला लावू?

गौरी दरवर्षी येतात. मी पुरण वाटत बसते, आणि वरच्या सडकेवरून ट्रॉलीवाली एखादी गाडी कण्हत गेली की हात उठतो माझा, आणि माझ्याच मांडीवर पडतो. तुम्ही उद्या गाडीनं जाणार ना? नीट जा बाबा. ड्रायव्हरशेजारी कुणीतरी बसा.