जावयाची उधारी

बीडच्या स्टँडवर माजलगाव गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर काका-पुतण्याचं जुंपलं होतं.

"सोमेश्वर, तुज्या दुकानाच्या वसुलीवाल्यानं मला फोन केलता! म्हणला, तुमच्या जावयाला पाइपाची उधारी भरायला सांगा, न्हाईतर गावभर बोभाटा करू. तुज्या सख्ख्या चुलत्याला!"

"आप्पा, जावयाला तोंडानं कसं मागावं? म्हणून एजन्सी लावली."

"मग हीच एजन्सी कावून?"

"दुसरे दारात माणसं बसवतेत. हे नुसतं नातेवाइकांना फोन करतेत."

"अन् माज्या जावयाचे नातेवाईक कोण बे? आपुनच की!"

"मग तुमी काय सांगितलं?"

"त्यानं इचारलं, अजून जवळचं कोण हाय? मी जावयाच्या मेव्हण्याचा नंबर दिला."

"कोणत्या मेव्हण्याचा?"

"उचल. तुजाच फोन वाजतोय."