कर्फ्यूतला बाप्तिस्मा

अगं, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबार झाला ना, तेव्हाची गोष्ट. परळला कर्फ्यू, माझा तान्हा तापाने फणफणलेला, त्याचा बाप्तिस्माही राहिलेला, आणि तो देणारे पाळकसाहेब गिरगावात अडकलेले. बाप्तिस्म्याविनाच गेला तर, म्हणून मी रडायलाच लागले. शेजारच्या मार्थाबाई आमच्या चर्चच्या बायबलबाई, घरोघरी बायकांना शास्त्र शिकवायच्या. त्यांनी तांब्या घेतला, प्रार्थना केली, बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं नि नाव ठेवलं, शमुवेल.

कर्फ्यू उठल्यावर पाळकसाहेब आले ते भडकूनच. “मार्थाबाई, बाप्तिस्मा द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

“साहेब, पोलिसांनी तुम्हाला अडवलं. देवाला थोडंच अडवलं?”

मला वाटलं, आता हा बाप्तिस्मा धरणार नाहीत की काय? पण साहेब बाळाला उचलून म्हणाले, “शमुवेलराव, तुमच्या पाळकबाई फार बोलतात हो!”